स्पोर्ट्स कारचं इंजिन तापतंय? सारखे सारखे येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

गाडी तापते म्हणून मेसेज करणाऱ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदाच सगळं इथे गोळा करून ठेवलंय. वरचे प्रश्न साधे आहेत, खाली जाल तसे वाकडे होत जातात. आत्ता या क्षणी गाडी तापून रस्त्यात उभी असेल तर बाकीचं राहू द्या, सरळ प्रश्न ३ वाचा.

१. इंजिनचं नॉर्मल टेम्परेचर किती आणि कितीला घाबरायचं?

बहुतेक गाड्यांत कूलंट (इंजिनमध्ये फिरून उष्णता वाहून नेणारं पाणी आणि रसायनाचं मिश्रण, बोलताना नुसतं "पाणी") साधारण ८५ ते १०५ अंशांत खेळत असतं. थर्मोस्टॅट (कूलंटला रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) ८० ते ९५ च्या मधे कुठेतरी उघडतो, आणि फॅनचा आवाज वाढला म्हणजे काहीतरी बिघडलं असं नाही, त्याचं कामच ते आहे. ११० च्या वर गेलं की पाय हलका करा, १२० दिसलं की थांबा, हा माझा ढोबळ हिशोब. पण आपल्या गाडीचं मॅन्युअल काय म्हणतंय ते आधी बघा, कारण काही इंजिनांत गरम चालवणं मुद्दामच असतं. बीएमडब्ल्यूचं एन५४ इंजिन घ्या, हळू चालवताना ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) स्वतःच पाणी १०५ च्या वर ठेवतो म्हणजे पेट्रोल वाचतं, आणि तुम्ही दाबलंत की इलेक्ट्रिक पंप जोरात फिरवून खाली आणतो. अशा गाडीचा मालक १०८ बघून रात्रभर झोपत नाही आणि गाडीला काहीही झालेलं नसतं.

२. काटा तर बरोब्बर मधे आहे, मग मेकॅनिक गाडी तापतेय असं का म्हणतोय?

कारण तो काटा थोडा खोटारडा आहे. कंपन्या काटा मुद्दाम शांत ठेवतात, साधारण ७५ पासून ११० पर्यंत तो मधेच चिकटून बसतो, नाहीतर प्रत्येक सिग्नलला काटा हलतोय म्हणून लोक सर्व्हिस सेंटर गाठतील. म्हणजे काटा हलला तेव्हा आधीच उशीर झालेला असतो. ओबीडी पोर्टमध्ये (गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती वाचायचं सॉकेट) एक छोटा रीडर लावा आणि फोनवर खरा आकडा बघा, गाडी जोरात चालवणाऱ्याने तर हे सगळ्यात आधी करावं. आकडा आला की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

३. गाडी आत्ता तापलीये, लाल लाइट आलाय, काय करू?

एसी बंद, हीटर फुल गरम, ब्लोअर फुल, काचा खाली. हीटरचा कोअर म्हणजे एक छोटा जादाचा रेडिएटरच आहे, तुम्हाला घाम फुटेल पण इंजिनची थोडी उष्णता बाहेर पडेल. वरचा गिअर टाका, आरपीएम खाली ठेवा आणि सुरक्षित जागा बघून बाजूला घ्या.

आता इंजिन बंद करायचं की चालू ठेवायचं, यावर सगळ्यात जास्त वाद होतात. नुसता आकडा वर गेलाय, वाफ नाही, वास नाही, हीटरमधून गरम हवा येतेय, म्हणजे आत पाणी आहे आणि फिरतंय, तर एखाद मिनिट आयडलवर चालू ठेवून आकडा उतरतोय का बघा. बंद केलं की पंप थांबतो आणि आतली सगळी उष्णता तिथेच अडकते, टेम्परेचर उलट काही अंश चढतं. पण वाफ निघतेय, कूलंटचा गोडसर वास येतोय, लाल वॉर्निंग आलीये किंवा हीटरमधून अचानक गार हवा यायला लागली, तर एक सेकंदही विचार न करता बंद. गार हवा म्हणजे पाणी संपलंय किंवा फिरत नाहीये, आणि अशा अवस्थेत आणखी थोडं अंतर ताणलं तर अख्ख्या इंजिनचं काम निघू शकतं.

इंजिन मागे किंवा मधे असलेल्या गाडीत वाफ आरशात दिसते, समोरच्या बोनेटखाली नाही, त्यामुळे तिकडेही लक्ष ठेवा. आणि धूर काळा असेल किंवा रबर जळाल्यासारखा वास असेल तर इंजिनवरचं बोनेट उघडायला जाऊ नका, आत हवा गेली की आग भडकते, सगळ्यांनी लांब व्हा आणि मदत बोलवा.

४. रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण उघडून पाणी किती उरलंय ते बघायला काय हरकत आहे?

मोठी हरकत आहे. ही सिस्टिम कुकरसारखी दाबाखाली चालते. निम्मं पाणी निम्मं कूलंट असं मिश्रण उघड्यावर १०६-१०७ अंशांना उकळतं, तेच १५ पीएसआयच्या झाकणाखाली जवळजवळ १२९ पर्यंत तग धरतं. म्हणजे आत ११५ अंशांचं पाणी शांत बसलेलं असतं, तुम्ही झाकण फिरवलंत की दाब जातो आणि ते त्याच क्षणी उकळून चेहऱ्यावर येतं. कमीत कमी अर्धा-पाऊण तास थांबा, वरचा होज पाइप हाताने दाबून बघा, अजून टणक लागला तर आणखी थांबा, मग जाड कापड धरून सावकाश.

याच्यातच एक उपयोगाची गोष्ट दडलीये. झाकणाची स्प्रिंग किंवा रबर गेलं तर दाब धरत नाही, पाणी लवकर उकळतं, ओव्हरफ्लोमधून बाहेर पडतं आणि गाडी तापते. लोक पंप बदलतात, रेडिएटर बदलतात आणि झाकण तेच जुनं. तापण्याची तक्रार असेल तर झाकण सगळ्यात आधी बदला, आणि कंपनीने सांगितलेल्या दाबाचंच घ्या, जास्त दाबाचं लावलं की जुने होज आणि रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाक्या फुटतात.

५. साधं पाणी टाकलं तर चालेल का?

घरापर्यंत किंवा गॅरेजपर्यंत पोचायला चालेल, पण इंजिन थंड झाल्यावरच. तापलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडवर (इंजिनचा सिलिंडरांवरचा भाग) गार पाणी गेलं की ते वेडंवाकडं आकसतं, हेड वाकू शकतं किंवा तडा जाऊ शकतो. नंतर सगळं काढून योग्य मिश्रण भरायचंच, कारण नुसत्या पाण्यात गंज रोखणारी रसायनं नसतात आणि नळाच्या पाण्यातले क्षार आत थर धरतात. मिश्रणाचं बाकीचं प्रश्न ११ मध्ये.

६. गाडी ट्रॅफिकमध्ये तापते पण हायवेला एकदम ठीक असते. (आणि याच्या बरोबर उलटं विचारणारेही तितकेच आहेत.)

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि मला कोणी नुसतं "तापते" असं लिहिलं की मी उलट हेच विचारतो, कधी तापते? वेग, एसी चालू की बंद, चढ की सपाट, सुरू केल्यावर किती वेळाने. हे लिहून ठेवल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका.

उभ्या गाडीत किंवा रांगेत तापते आणि वेग घेतला की उतरते, याचा अर्थ पाणी फिरतंय पण हवा मिळत नाहीये. म्हणजे फॅन, त्याचा फ्यूज, रिले, फॅनची हळू आणि जोरात अशी जी दोन गती असतात त्यातली एक गेलेली असणं, किंवा फॅनभोवतीचं प्लॅस्टिकचं कव्हर तुटलेलं असणं, कारण ते नसलं की फॅन रेडिएटरमधून हवा ओढायचं सोडून आजूबाजूची गरम हवाच फिरवत बसतो. एसी लावून बघा, बहुतेक गाड्यांत एसी लावला की फॅन सुरू व्हायलाच हवा.

हायवेला किंवा लांब चढावर तापते आणि हळू केल्यावर उतरते, तर हवा भरपूर आहे पण उष्णता पाण्यातून बाहेर पोचत नाहीये. रेडिएटर आतून अर्धा तुंबलाय, थर्मोस्टॅट अर्धवटच उघडतोय, पंपाची पाती झिजलीयेत किंवा पंपाचा पंखा शाफ्टवर सरकतोय, किंवा जास्त आरपीएमला खालचा होज पाइप आत चेपला जातोय, हे शेवटचं उभ्या गाडीत कधीच दिसत नाही म्हणून महिनोन् महिने सापडत नाही. हेड गॅस्केट (हेड आणि खालचा इंजिन ब्लॉक यांच्यामधलं सील) जाण्याची सुरुवातही अशीच असते, त्याबद्दल प्रश्न १३.

दोन्हीकडे तापते तर आधी लेव्हल बघा, मग झाकण, मग आत अडकलेली हवा. आणि स्पोर्ट्स कारमध्ये आणखी एक, रेडिएटर खूप खाली, बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत असतात, तोंडं मोठी उघडी असतात आणि पाला, कागद, पिशव्या, माती सगळं आत जाऊन एसी कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत दाबून बसतं. बाहेरून काहीच दिसत नाही. पोर्शेच्या बॉक्स्टर आणि ९९६ (९११ ची एक पिढी) च्या मालकांना हे पाठ आहे, बंपर काढून मुठीमुठीने पाला काढतात. जुन्या गाडीत हे एकदा केल्याशिवाय मी पुढचं काही सुचवतच नाही.

७. रस्त्यावर कधीच तापत नाही, ट्रॅकवर मात्र दोन-तीन लॅपमध्ये लाल होते. गाडी खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. पेट्रोलच्या ऊर्जेतला ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकाकडे जातो, तेवढाच सायलेन्सरमधून आणि तेवढाच कूलिंगमध्ये. हायवेला एका वेगात जाताना ५०० हॉर्सपॉवरच्या गाडीतले तुम्ही जेमतेम ३०-४० वापरता, त्यामुळे कूलिंगला सुट्टीच असते. ट्रॅकवर लॅपचा मोठा भाग थ्रॉटल पूर्ण दाबलेला असतो, आणि रस्त्यावर पूर्ण दाबायची वेळ सलग पाच-सात सेकंदांच्या वर क्वचित येते. पॉवरच्या आकड्याला रस्त्यावर कधीच परीक्षा द्यावी लागत नाही हा त्याचा अर्थ.

मोठ्या कंपन्यांनाही हे जड गेलंय. २०१५ ची कॉर्व्हेट झेड०६ सुपरचार्जर लावून ६५० हॉर्सपॉवरची आली आणि ट्रॅकवर तापते म्हणून गाजली, २०१७ च्या मॉडेलला बोनेटवर मोठी व्हेंट्स द्यावी लागली. २०१६ च्या शेल्बी जीटी३५० मध्ये ट्रॅक पॅकेज घेतलं नसेल तर गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलला कूलर नव्हते, तेच तापून गाडी लिम्प मोडमध्ये (बचावासाठी पॉवर आपोआप कमी होणं) जायची आणि लोक इंजिनला दोष द्यायचे, पुढच्या वर्षी ते पॅकेज सगळ्यांनाच मिळालं. म्हणून वॉर्निंग आली की कसली आली ते नीट वाचा.

ऑइलचा आकडा वेगळा बघा. ट्रॅकवर १०० ते १२० छान, १३० च्या वर पाय उचला, १५० च्या जवळ गेलं तर ऑइलची फिल्म बारीक होते आणि बेअरिंगचं आयुष्य कमी व्हायला लागतं. पाणी ठीक आणि ऑइल गरम असेल तर रेडिएटर नको, ऑइल कूलर हवा.

चालवण्यात बदल करूनही बरंच साधतं. रेडलाइनच्या हजारभर आरपीएम आधीच गिअर बदला, लॅप टाइम फार जात नाही आणि उष्णता बरीच कमी होते. पुढच्या गाडीच्या शेपटीला चिकटून राहू नका, तिची गरम आणि घुसळलेली हवा तुमच्या रेडिएटरला मिळते, सरळ पट्ट्यावर अर्धी गाडी बाजूला काढा. आणि पाच लॅप जोरात, एक हळू, असं केलंत तर दिवसभर मजा येते.

८. लॅप संपल्यावर लगेच बंद केलं तर काय होतं?

टर्बो असेल तर तिथलं ऑइल थांबतं आणि गरम भागावर जळून कार्बन धरतं. नव्या गाड्यांत टर्बोला पाण्याचं कूलिंग आणि बंद केल्यावरही चालणारा छोटा इलेक्ट्रिक पंप असतो, त्यामुळे गाडी लॉक केल्यावर येणाऱ्या गुणगुणीने घाबरू नका. तरी शेवटचा लॅप ब्रेकला हात न लावता हळू चालवा, वाहत्या हवेसारखं कूलिंग उभ्या गाडीत कधीच मिळत नाही. पिटमध्ये हँडब्रेक लावू नका, गिअरमध्ये ठेवा.

९. मोठा ॲल्युमिनियम रेडिएटर बसवला तरी तापतेच आहे, असं कसं?

कारण हवा रेडिएटरमधून जातच नाहीये. हवा आळशी असते, सोपी वाट मिळाली की तिकडून पळते. बंपरच्या तोंडापासून रेडिएटरपर्यंत कडेने फटी असतील तर निम्मी हवा तिथूनच निसटते. जाड फोम किंवा पत्रे लावून त्या फटी बंद केल्या तर कधीकधी जुन्याच रेडिएटरवर आकडा उतरतो, आणि याला काहीच खर्च येत नाही म्हणून बहुधा कोणी सुचवतही नाही.

दुसरं म्हणजे आत आलेली हवा बाहेर पडायला हवी. पोटाखालचं प्लॅस्टिक कव्हर "नको ती कटकट" म्हणून काढून टाकलेलं असतं, ते परत लावा, त्याच्यामुळे बोनेटखालचा दाब कमी राहतो आणि हवा ओढली जाते. बोनेट मागून वॉशर टाकून उचलून ठेवायची फॅशन मला पटत नाही, काचेच्या पायथ्याशी जास्त दाबाची हवा असते आणि वेगात ती उलट आत शिरू शकते. व्हेंट करायचेच तर बोनेटच्या पुढच्या भागात, रेडिएटरच्या लगेच मागे.

रेडिएटरची संख्या आणि आकार महत्त्वाचा नाही असं नाही, बुगाटी व्हेरॉनला १० रेडिएटर आहेत ते उगाच नाहीत. पण खूप जाड कोअरमधून हवा ढकलायला दाबही जास्त लागतो, जाडीपेक्षा समोरचं क्षेत्रफळ वाढवलं तर जास्त फायदा.

१०. थर्मोस्टॅट काढून टाकू का? की कमी टेम्परेचरचा लावू?

काढू नका. इंजिन गरमच होत नाही, ऑइलमधला ओलावा आणि पेट्रोल उडून जात नाही, झीज वाढते, आणि काही इंजिनांत थर्मोस्टॅट नसला की पाणी बायपासमधूनच फिरत राहतं आणि गाडी उलट जास्त तापते. कमी टेम्परेचरचा थर्मोस्टॅट फक्त लवकर उघडतो. एकदा पूर्ण उघडला की पुढचं सगळं रेडिएटर आणि हवेवर, तिथे ७१ चा आणि ८८ चा दोन्ही सारखेच. लॅपच्या सुरुवातीला थोडी उसंत मिळते एवढंच.

११. कूलंट कुठल्या रंगाचं घ्यायचं, पाणी किती, आणि ते "वेटर" केमिकल खरंच चालतं का?

रंगावर जाऊ नका, रंग हा कुठलाही स्टँडर्ड नाही, एका कंपनीचं गुलाबी आणि दुसरीचं गुलाबी यांच्यात आत वेगळी रसायनं असू शकतात आणि मिसळली तर कधी गाळ होतो. मॅन्युअलमधला स्पेसिफिकेशन नंबर बघा. उष्णता वाहून नेण्यात शुद्ध पाणी कूलंटपेक्षा सरस आहे, म्हणून कूलंट जास्त ओतलं की गाडी गार राहील हा समज उलटा आहे. गोठण्याची भीती नसेल तर कूलंट ३० टक्के आणि बाकी डिस्टिल्ड वॉटर हे गरम हवेत चांगलं जमतं, पण त्याचा उकळबिंदू थोडा खाली येतो हे लक्षात ठेवा. वेटर पाण्याचं पृष्ठताण कमी करतं, नुसत्या पाण्यात त्याचा फरक दिसतो, ५०-५० मिश्रणात फारसा नाही.

ट्रॅकवाल्यांनी नियम वाचा, बऱ्याच रेसिंगमध्ये ग्लायकॉलला बंदी असते कारण सांडलं की ट्रॅक निसरडा होतो आणि लवकर वाळत नाही. आणि गॅरेजच्या फरशीवर सांडलेलं ताबडतोब पुसा, इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात.

१२. कूलंट बदललं आणि त्याच दिवसापासून गाडी तापायला लागली. दुकानदाराने खराब माल दिला का?

नाही, आत हवा अडकलीये. इंजिन मधे किंवा मागे आणि रेडिएटर पुढे असलेल्या गाड्यांत पाण्याचे पाइप अख्ख्या गाडीच्या लांबीचे असतात, वर-खाली वळणं घेतात, आणि प्रत्येक उंच वळणावर बुडबुडा बसतो. लक्षण म्हणजे हीटर कधी गरम कधी गार, डॅशबोर्डमागे खळखळ, आणि आकडा एकदम वर जाऊन एकदम खाली. ब्लीड स्क्रू (अडकलेली हवा सोडायचे स्क्रू) असतील तर कंपनीने दिलेल्या क्रमानेच उघडा. गॅरेजमध्ये व्हॅक्यूम फिलर असतो, सगळी हवा ओढून घेऊन मग कूलंट आत सोडतात, अशा गाड्यांना तोच बरा. दाब धरतोय की नाही तेही त्यातच कळतं.

१३. कूलंट थोडं थोडं कमी होतंय पण खाली एकही थेंब नाही. हेड गॅस्केट गेली का?

गेलीच असं नाही. पंपाच्या बारीक छिद्रातून येणारं पाणी गरम इंजिनवर लगेच सुकतं, पांढरा किंवा गुलाबी डाग तेवढा राहतो. सिस्टिम थंड असताना हातपंपाने दाब देऊन तासभर ठेवली की बहुतेक गळत्या दिसतात.

गॅस्केटचा संशय असेल तर ब्लॉक टेस्ट करा, निळं द्रव असलेली नळी कूलंटच्या टाकीवर धरतात, सिलिंडरमधला गॅस पाण्यात येत असेल तर द्रव पिवळं होतं. एकदा निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नका, परफॉर्मन्स इंजिनात बूस्ट (टर्बोचा दाब) पूर्ण आल्यावरच हेड किंचित उचललं जातं आणि गॅस पाण्यात घुसतो, आयडलवर टेस्ट स्वच्छ येते. रात्रभर उभी राहिलेल्या थंड गाडीचे होज सुरू केल्याबरोबर टणक झाले तर समजून जा. ऑइलमध्ये दुधाळ फेस दिसायची वाट बघू नका, बऱ्याच गॅस्केट तो न दाखवताच जातात.

एक खास केस: पोर्शेच्या ९९६ आणि ९९७ जीटी३ व टर्बोमध्ये पाण्याच्या पाइपांची काही जोडणी गोंदाने चिकटवलेली होती, वय झाल्यावर ती सुटते आणि सगळं पाणी एका झटक्यात मागच्या चाकांखाली. त्यात आधी थेंब थेंब गळेल असा भरवसा नसतो. ट्रॅकवर न्यायच्या आधी ते वेल्ड किंवा पिन करून घेतात.

१४. रिमॅप केल्यावर (ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून पॉवर वाढवल्यावर) पाण्याचा आकडा ठीक आहे, पण गरम झाल्यावर गाडीला दमच राहत नाही. हेही ओव्हरहीटिंगच का?

हो, पण हवेचं. टर्बोने दाबलेली हवा तापते, ती गार करणारा इंटरकूलर पुरा पडला नाही की इनटेक हवेचं टेम्परेचर चढतं, ईसीयू नॉकिंग (इंधन अवेळी पेटणं) टाळायला इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो, आणि पॉवर जाते. वाईट भाग असा की इग्निशन मागे गेलं की एक्झॉस्ट आणखी तापतं, मग टर्बो आणखी तापतो. ओबीडीवर इनटेक टेम्परेचरही लावा. पाण्यावर चालणाऱ्या इंटरकूलरला स्वतःचा छोटा पंप असतो, तो बंद पडला तर डॅशबोर्डवर काहीच येत नाही कधीकधी.

१५. माझी गाडी एअर-कूल्ड आहे, यातलं काही लागू होतं का?

पोर्शे ९११ ही १९९८ पर्यंत हवेवरच होती, ९९३ ही शेवटची. तिथे खरं कूलिंग ऑइल आणि फॅन मिळून करतात, म्हणून ऑइलचा काटा हाच तुमचा काटा. फॅनचा बेल्ट तुटला तर तिथल्या तिथे बंद. आणि इंजिनभोवतीचे पत्रे "दिसायला घाण" म्हणून काढणाऱ्यांना माझं काही म्हणणं नाही, इंजिन स्वतःच सांगेल.

१६. काटा लालमध्ये होता आणि अचानक स्वतःहून खाली आला. सुटलो ना?

थांबा, आत्ता. सेन्सर पाण्यात बुडलेला असतो तेव्हाच खरं सांगतो. पाणी संपलं की तो हवेत लटकतो आणि कमी आकडा दाखवू शकतो, आत धातू भाजून निघत असतो. लालवरून झटकन खाली आला, हीटर गार पडला, आवाज बदलला, यातली कुठलीही दोन लक्षणं एकत्र आली तर प्रश्न ३ मधलं "एक सेकंदही विचार न करता" हेच लागू.

१७. एकदा चांगलीच तापली होती, आता ठीक चालतेय. वापरत राहू का?

किती आणि किती वेळ तापली त्यावर आहे. ओबीडीमध्ये काही गाड्यांत जास्तीत जास्त टेम्परेचरची नोंद राहते, ती काढून घ्या. ११५ पर्यंत जाऊन एक-दोन मिनिटांत उतरली असेल तर लेव्हल, झाकण आणि कारण शोधणं एवढं पुरे. लाल लाइट लागून पुढे चालवली असेल तर ऑइल बदला, कारण ते भाजलेलं असतं, मग कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन टेस्ट (सिलिंडर दाब धरतात का ते बघायला), आणि पुढचे काही आठवडे दर दोन-तीन दिवसांनी सकाळी थंड इंजिनवर कूलंटची खूण तपासा. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक लोखंडी असेल तर गॅस्केटवर जास्त ताण आलेला असतो आणि त्रास आठवड्याभराने सुरू होऊ शकतो. तोपर्यंत ट्रॅक नको.